बाबांची वही, माझी फाईल आणि एक उंदीर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण उंदीर.

झालं असं की गणपतीत आम्ही पंधरा दिवस गाडी हलवलीच नाही. पाऊस, मिरवणुकांची गर्दी, पुण्यातले बंद रस्ते, कोण बाहेर काढतंय गाडी? नंतर एक दिवस किल्ली फिरवली तर समोरच्या काचेमागे दिवाळी. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, एबीएसचा लागलेला, आणखी एक असा लागलेला की जो मी सात वर्षांत पहिल्यांदाच पाहिला. गाडी चालत होती, पण रुसल्यासारखी. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या शेजारी सुपारीएवढी लेंडी आणि अर्धा कुरतडलेला मोदक. (हो, मोदक. तो आमच्याच सोसायटीच्या मंडळाचा असणार, कारण उकडीचा नव्हता.)

गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या शर्ट खोचलेल्या मुलानं लॅपटॉप जोडला, दोन फोटो काढले आणि संध्याकाळी व्हॉट्सॅपवर एस्टिमेट पाठवलं. इंजिन रूमचं पूर्ण वायरिंग हार्नेस बदलावं लागेल, ४६,८०० रुपये, माल यायला तीन आठवडे. मी विचारलं, वायरी किती तुटल्यात? तो म्हणाला, "सर, आम्ही वायर जोडत नाही, हार्नेस बदलतो."

हे मी घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि जे व्हायचं तेच झालं. धाकट्या काकांचा लगेच फोन. "अरे, आपल्या फियाटला उंदीर लागला असता तर खाल्लं काय असतं त्यानं? चार वायरी होत्या सगळ्या मिळून! त्या गाड्या होत्या. पान्हा, पकड आणि स्क्रू ड्रायव्हर, संपला विषय. आता नुसती लूट आहे." मग आत्यानं अंगठा दाखवला, मामेभावानं दोन अंगठे दाखवले आणि जुन्या गाड्या कशा स्वस्तात चालायच्या यावर दोन दिवस ग्रुप चालू राहिला.

मीही आधी मान डोलावली. मग आठवलं की आपल्याकडे पुरावा आहे.

बाबा बँकेत होते. बँकेतली माणसं दोन प्रकारची असतात. दिवसभर आकडे बघून घरी आकड्याचं नाव न काढणारी, आणि घरी येऊन उरलेले आकडे लिहिणारी. बाबा दुसऱ्या प्रकारचे. १९८९ साली त्यांनी एक सेकंडहँड पद्मिनी घेतली, १९८६ची. तिला घरात पद्मिनी कोणीच म्हटलं नाही, फियाटच म्हणायचो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. २००३ साली ती विकली. या चौदा वर्षांत त्या गाडीवर झालेला प्रत्येक खर्च एका लांबट हिशेबाच्या वहीत आहे. तारीख, किलोमीटर, काम, सामान, मजुरी. शेवटच्या रकान्याचं नाव 'शेरा'. ती वही मी माळ्यावरून काढली. माझ्या गाडीची बिलं फाईलमध्ये होतीच (बँकेतल्या माणसाचा मुलगा :-) ). एक शनिवार-रविवार बसून दोन्हींचा हिशेब मांडला. बायकोचं मत असं की तेवढ्या वेळात उंदराचा पिंजरा तरी लावून झाला असता.

तर मंडळी, काकांना आणि ग्रुपवरच्या सर्व अंगठ्यांना सांगायचं ते असं की जुनी गाडी स्वस्त नव्हती. अजिबात नव्हती.

चौदा वर्षांत फियाट ९६,००० किलोमीटर चालली आणि मिस्त्रींकडे २१२ वेळा गेली. म्हणजे वर्षाला पंधरा वेळा. माझी गाडी २०१८च्या दसऱ्याला घेतली, आतापर्यंत ७१,००० झाली आणि वर्कशॉपची पायरी १६ वेळा चढली, त्यात उंदराची फेरी धरून. 'वाटेत बंद' असा शेरा बाबांच्या वहीत एकतीस वेळा आहे. माझी गाडी वाटेत बंद पडली ती एकदा, बॅटरी गेली म्हणून, आणि तीही घराच्या खालीच.

आता रुपयांची तुलना करायची कशी हा प्रश्नच आहे. १९९२चे शंभर रुपये आणि आजचे शंभर यांचं नातं काय? मी एक सोपी युक्ती केली. पेट्रोलवर शंभर रुपये खर्च झाले तेव्हा गॅरेजवर किती झाले, टायर-बॅटरी धरून, एवढंच बघितलं. बाबांच्या वहीत ते सत्तर येतात. माझ्या फाईलमध्ये एकोणतीस. शिवाय बाबांची फियाट लिटरला अकरा द्यायची, माझी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये साडेपंधरा देते. म्हणजे तेवढेच ९६,००० किलोमीटर माझ्या गाडीनं केले असते तर अडीच हजार लिटर पेट्रोल कमी लागलं असतं. अडीच हजार लिटर! ते पत्र्याच्या डब्यांतून भरून ठेवलं तर आमच्या इमारतीचा जिना भरेल.

वहीची पानं वाचणं हा वेगळाच आनंद आहे. 'पॉइंट साफ.' 'कंडेन्सर बदलला.' 'कार्ब्युरेटर खोलला, जेटमध्ये कचरा.' 'टॅपेट सेटिंग.' 'फॅन बेल्ट.' 'किंगपिन बुश, ग्रीसिंग.' 'सायलेन्सर वेल्डिंग (तिसऱ्यांदा).' 'हेड गॅस्केट.' आणि मग दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा 'पॉइंट साफ.' हे पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले दोन छोटे संपर्क, प्लगला ठिणगी कधी मिळायची ते ठरवणारे. दर ठिणगीला ते उघडझाप करायचे आणि हळूहळू जळायचे. ते घासायचे, मधलं अंतर पत्तीनं मोजून लावायचं, की महिनाभर गाडी खूष. आता ते काम एक सेन्सर आणि एक संगणक करतो, आणि त्याला घासावं लागत नाही. माझ्या गाडीचे स्पार्क प्लग मी ४०,००० किलोमीटरला पहिल्यांदा बदलले. बाबांच्या वहीत प्लग साफ केल्याच्या नोंदी मोजायला घेतल्या आणि साठीच्या पुढे सोडून दिल्या.

उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल पाइपातच उकळून त्याची वाफ व्हायची आणि इंजिन बंद पडायचं. मग बाबा बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे आणि आम्ही सगळे रस्त्याकडेला कलिंगड खात बसायचो. माझ्या लेखी ती सहल होती. वहीत त्याची नोंद 'व्हेपर लॉक, ५० मि.' अशी आहे. त्या पन्नास मिनिटांची किंमत कुठल्या रकान्यात धरायची? बाबांचे जवळजवळ सगळे रविवार, सकाळी आठ ते साडेदहा, त्या गाडीखाली गेले. त्याला आम्ही आज प्रेमानं 'बाबांचा छंद' म्हणतो. त्यांना विचारलं तर म्हणाले, "छंद कसला? मिस्त्रींना दर वेळी बोलावणं परवडत नव्हतं."

एक गोष्ट कबूल करायला हवी. एका रकान्यात बाबा माझ्यापेक्षा फार पुढे आहेत. गाडी ५२,०००ला घेतली आणि चौदा वर्षांनी १८,०००ला विकली. मी रस्त्यावर येईपर्यंत ७,४०,००० मोजले आणि आज मला ३,६०,००० द्यायला एक दलाल तयार आहे, तेही उंदराचं न सांगता. सात वर्षांत ३,८०,००० रुपये कुठलाही आवाज न करता गेले. पेट्रोलचे झाले ४,३५,०००. विम्याचे १,०५,०००. आणि ज्याच्या नावानं आपण सगळे बोटं मोडतो त्या सर्व्हिस, दुरुस्ती, टायर, बॅटरीचे मिळून १,२८,०००. एकूण किलोमीटरला पावणेपंधरा रुपये, त्यातले गॅरेजचे एक रुपया ऐंशी पैसे. म्हणजे जेमतेम बारा टक्के. ज्या खर्चावर आपण चिडतो तो सगळ्यात लहान दोहोंपैकी एक आहे, आणि जो सगळ्यात मोठ्या दोहोंपैकी एक आहे त्याचं बिल कधी येतच नाही म्हणून त्यावर कोणी ग्रुपवर लिहीत नाही. काकांनी गेल्या दहा वर्षांत तीन नव्या गाड्या बदलल्या आहेत. काका, हे वाचत असाल तर राग मानू नका, पण लूट कुठे झाली ते तुमच्या पासबुकात बघा, वर्कशॉपच्या बिलात नाही.

आणि बाबांनाही मोठा फटका बसला होता. १९९४च्या ऑगस्टमध्ये 'इंजिन बांधले' अशी नोंद आहे. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं. तो आकडा त्यांच्या त्या वेळच्या सव्वा महिन्याच्या पगाराएवढा होता. शेऱ्यात लिहिलंय, 'सोसायटी कर्ज.' आम्हा दोघा भावंडांना त्या दिवाळीला नवे कपडे नव्हते हे मला आठवत होतं, कारण मात्र आत्ता कळलं. माझं ४६,८००चं एस्टिमेट माझ्या पगाराच्या त्या प्रमाणात नाही. ओरडलो मात्र मी जास्त.

आता वहीतल्या एका पानाबद्दल. हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. आईला विचारलं, ती म्हणाली लिही.

१९९६च्या मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता, जाणारी-येणारी सगळी वाहतूक घाटातूनच. उतारावर ब्रेक हळूहळू मऊ व्हायला लागले. चारही चाकांना ड्रम, उतारावर तापले की पकड सुटतेच, पण हे त्यापेक्षा वेगळं होतं, पेडल खालपर्यंत जात होतं. बाबांनी दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि शेवटी गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीच्या ढिगावर घातली. वेग फार नव्हता. आम्ही दोघं मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आदळलो, एवढंच. आई पुढे होती. आमच्या गाडीला पट्टे नव्हते. तिची हनुवटी डॅशबोर्डच्या कडेवर आपटली. साताऱ्याला सात टाके पडले. ती खूण अजून आहे, आमच्या लग्नाच्या अल्बममधेही दिसते.

वहीत त्या तारखेला 'रेडिएटर, पुढचा बंपर, डावा दिवा, टिंकरिंग' आणि त्यापुढे आकडा आहे. टाक्यांचा आकडा नाही, कारण ते औषधपाण्याच्या वहीत गेले. तीन आठवडे आधीची एक नोंद मात्र आहे. 'ब्रेक ऑइल कमी होते आहे. व्हील सिलिंडर बघणे. पुढील महिन्यात.'

एप्रिलचा शेवट होता. पगार व्हायचा होता.

मी हे पान बाबांना दाखवलं नाही. त्यांना ते माहीत असणारच, त्यांनीच लिहिलंय. पण एवढं नक्की की जुनी गाडी स्वस्तात चालवणं म्हणजे पुष्कळदा काय पुढे ढकलता येईल याचा अंदाज घेत चालवणं होतं. माझ्या गाडीत एबीएस आहे आणि दोन एअरबॅग आहेत. मी त्या मागून घेतलेल्या नाहीत, त्या होत्याच. २०१९पासून एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग, आणि पुढे २०२२च्या जानेवारीपर्यंत शेजारच्याची एअरबॅगही, कायद्यानं सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली. गाड्या त्यामुळे महाग झाल्या अशी तक्रार मी खुद्द ऐकलीय. झाल्याच. एबीएसचा सेन्सर बिघडला तर हजारो रुपये जातात. फियाटचा बिघडत नव्हता कारण तो नव्हताच. पण आईच्या हनुवटीकडे बघून मला ती तक्रार करता येत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी गाडी कंपन्यांची वकिली करतोय. तसं नाही. काका ज्या गोष्टीवर चिडलेत ती खरी आहे, त्यांनी फक्त चुकीचं नाव दिलंय. प्रश्न महागाईचा नाही, प्रश्न दुरुस्त होण्याचा आहे.

वहीतला सामानाचा आणि मजुरीचा रकाना वेगवेगळा बेरीज करून बघितला. चौदा वर्षांत सामानाच्या मानानं मजुरी निम्मीसुद्धा नाही. 'मिस्त्री मजुरी ६०.' 'मिस्त्री मजुरी ७५.' 'मिस्त्री मजुरी ६०, चहा.' आमचे मिस्त्री एका वाड्याच्या बोळात काम करायचे. उभं राहायला जागा, बसायला उलटा डबा. कार्ब्युरेटर खोलून, रॉकेलमध्ये धुऊन, फुंकून, जोडून, गाडी चालवून बघून, परत जेट फिरवून, अर्धा दिवस सहज जायचा. एखादं बुश मिळालं नाही तर नाना पेठेत दहा दुकानं फिरायचे, तिथेही नसेल तर लेथवाल्याकडून बनवून आणायचे. त्यांचे हात कायम काळे, कंबर चाळिशीतच गेलेली. त्या गाड्या 'सहज दुरुस्त व्हायच्या' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात त्या माणसाच्या साठ रुपयांचा केवढा वाटा होता! वस्तू महाग आणि माणूस स्वस्त होता म्हणून वस्तू जोडली जायची. आता माणूस थोडा महाग झाला, (फार नाही, थोडाच,) आणि सर्व्हिस सेंटरच्या हिशेबात जोडण्यापेक्षा बदलणं सोपं झालं. बदलायला कौशल्य कमी लागतं, वेळ ठरलेला असतो, आणि नव्या मालावर नफाही असतो.

त्यांचीही बाजू आहे, ती लपवत नाही. जोडलेली वायर सहा महिन्यांनी सुटली आणि महामार्गावर एबीएस गेलं तर जबाबदार कोण? वॉरंटी कोणी द्यायची? म्हणून 'आम्ही जोडत नाही.' हे एक वेळ समजू शकतं. पण दोन वर्षांपूर्वी रिक्षाचा धक्का लागून माझ्या दिव्याचा मागचा प्लास्टिकचा कान तुटला होता, बोटभर लांबीचा. काच शाबूत, दिवा लागत होता. तरी पूर्ण असेंब्ली घ्यावी लागली, १७,२००. फियाटला काच वेगळी मिळायची, बल्ब वेगळा, रिंग वेगळी. आता तो कान वेगळा विकतच नाहीत. इथे मात्र माझं आणि काकांचं एकमत.

हा नुसता तुमचा-आमचा रडगाण्याचा विषय नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी केली आणि ऑगस्ट २०१४मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कारण हेच. सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रकं आणि बिघाड शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना खुल्या बाजारात मिळत नव्हती. प्रकरण पुढे अपिलांत गेलं ते गेलं. मग २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, वर्षअखेरीला पोर्टलही निघालं, आणि ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात केली त्यात मोटारी आहेत. पोर्टल चांगलं आहे. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि माझ्या दिव्याचा कान दुकानात मिळणं वेगळं.

मला खरी काळजी वाटते ती दहाव्या-बाराव्या वर्षाची. फियाट सतरा वर्षांची झाली तेव्हाही तिचा कुठलाही एक भाग तिच्या किमतीच्या मानानं किरकोळच होता. माझी गाडी बारा वर्षांची होईल तेव्हा समजा दीड लाखाची असेल, आणि त्यातला एखादा कंट्रोल युनिटचा डबा साठ हजाराचा असेल, असलाच तर. मग चांगलं इंजिन, शाबूत पत्रा, चालत्या गिअरबॉक्ससकट ती गाडी भंगारात जाईल. बिघडली म्हणून नाही, हिशेबात बसत नाही म्हणून. सरकारही वयस्कर गाड्यांवर फार खूष नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करायची फी आधी ६०० होती, एप्रिल २०२२पासून ५,००० झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५मध्ये १०,००० केली. धुराच्या दृष्टीनं ते बरोबरही असेल. फियाटच्या मागे उभं राहून ज्यांनी श्वास घेतलाय त्यांना मी काय सांगणार? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची अट भरून रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी हळवं होऊन फोटो टाकले, मीही टाकला. पण त्या टॅक्सीत रोज बारा तास बसणाऱ्याला कोणी विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं कोण जाणे.

पेट्रोलचंही एक आहेच. माझ्या २०१८च्या गाडीच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलंय. २०२५मध्ये पंपावर वीस टक्के आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं खाली येणार हे उघड आहे. माझ्या फाईलमध्ये अजून नीट आकडा काढण्याएवढ्या नोंदी झालेल्या नाहीत, झाल्या की लिहीन. (पुतण्या म्हणतो, काका, इलेक्ट्रिक घ्या, कटकटच नाही. बाळा, त्यातसुद्धा वायरी असतात.)

असो. उंदराचं काय झालं ते राहिलंच.

आमच्या मिस्त्रींनी २०११मध्ये काम थांबवलं. त्यांचा मुलगा आयटीआय करून काही वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होता, आता त्यानं सिंहगड रोडला स्वतःचं गॅरेज टाकलंय. शटरवर पाटी नीट लावलेली, आत लिफ्ट, भिंतीला टॅबलेटएवढा स्कॅनर. फोन केला तर म्हणाला रविवारी सकाळी नऊला आणा. बाबा म्हणाले, मी येतो. वय वर्षं चौऱ्याऐंशी, पण गॅरेज म्हटलं की इस्त्रीचा शर्ट. गाडीत बसल्यावर आईला ओरडून सांगितलं, "मागचा पट्टा लाव." तिनं आधीच लावला होता.

त्यानं स्कॅनर जोडला, स्क्रीनवर तीन कोड आले. त्यानं ते आम्हाला वाचून दाखवले, म्हणजे बाबांना वाचून दाखवले, कारण बाबा स्क्रीनवर नाक टेकवून उभे होते. एक पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा, एक सायलेन्सरच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरचा, आणि तिसरा पहिल्या दोघांमुळे आलेला. "म्हणजे आजार दोनच," बाबा म्हणाले. मग त्यानं बॅटरी काढली, हार्नेसवरची टेप उकलली आणि टॉर्च मारला. तीन वायरी कुरतडलेल्या. एक पूर्ण तुटलेली, दोन अर्ध्या. तेवढ्याच. त्यानं त्या डाग देऊन जोडल्या, वर नळी चढवून गरम हवेनं आवळल्या, परत टेप केली, आणि वरून जाळीदार पाइप घातला. पावणेदोन तास लागले. बाबा सगळा वेळ खुर्ची जवळ ओढून बघत होते. मधे एकदा म्हणाले, "डाग बारीक दे, जाड झाला तर तिथंच तुटेल." तो म्हणाला, "हो काका."

कोड पुसले, गाडी वळसा घालून आणली. दिवे गेले. एबीएस त्यानं रिकाम्या रस्त्यावर एकदा करकचून ब्रेक मारून दाखवलं, आईनं मागून "अगं बाई" म्हटलं.

मी खिशात हात घातला तर बाबांनी अडवलं. वही सोबत आणली होती, ती जुनीच, २००३च्या शेवटच्या नोंदीनंतरची पानं कोरी आहेत. पेन काढलं.

"सामान किती, मजुरी किती?"

"सामान तीनशे काका, मजुरी पंधराशे."

बाबांनी लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी साठ रुपये देत होतो."

तो हात पुसत हसला. "माहितीय काका. ते अजून सांगतात."